कळलावी : खान्देशातल्या विषारी रानफुलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात. कुणी चाळीसगावकडून पाटणादेवीच्या वाटेवरचा पाठवतं, कुणी यावल-पालच्या जंगलातला, कुणी तोरणमाळचा घाट चढताना गाडी थांबवून काढलेला. अर्धं लाल, अर्धं पिवळं, चुलीतल्या जाळासारखं वर उसळलेलं फूल आणि खाली एकच ओळ : "हाई काय शे?" उत्तरही दरवेळी एकच असतं : कळलावी. मग पुढचे प्रश्न सुरू होतात. गेल्या काही पावसाळ्यांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

कळलावी म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

ग्लोरिओसा सुपर्बा. कार्ल लिनियसने १७५३ साली तिला हे नाव दिलं. लॅटिनमध्ये दोन्ही शब्द कौतुकाचेच आहेत. एकाने भागलं नसावं. पूर्वी तिला लिलीच्या कुळात धरत, आता ती कोल्चिकेसी या वेगळ्या कुळात आहे. आफ्रिका आणि आशियाच्या उष्ण भागांत ती आपोआप उगवते. झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल तीच आणि तमिळनाडूचं राज्यफूलही तीच. आपल्याकडे सातपुड्याचे उतार, नाल्यांचे काठ, वावराच्या कुपाट्या (काटेरी कुंपणं), झुडपांची गर्दी असेल तिथे ती सापडते.

मराठीत तिला नावं भरपूर : कळलावी, अग्निशिखा, वाघनखी, खड्यानाग, इंदई. यातल्या वाघनखीने घोळ होतो. ज्याच्या सुकलेल्या काळ्या फळाला दोन वाकडी नखं असतात, त्या झाडालाही बरेच जण वाघनखी म्हणतात. ते झुडूप वेगळं, कूळही वेगळं. म्हणून कुणी नुसतं "वाघनखी" म्हटलं की मी आधी फोटो मागतो.

घरात ठेवली की भांडणं लागतात, म्हणून ती कळलावी. हे खरं का?

भांडणं लागायला आपल्या घरांना फुलाची गरज नसते. पण नावाची गंमत खरी आहे. मराठीत "कळ" दोन अर्थांनी येते : कळ लावणारा नारद आणि बाळंतिणीच्या कळा. या वनस्पतीचा मूळ संबंध दुसऱ्या अर्थाशी आहे. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून जुन्या सुईणी हिचा कंद उगाळून वापरायच्या. संस्कृतात तर तिला सरळ "गर्भपातिनी" असं नाव आहे. नारदाचा अर्थ मागून चिकटला आणि जास्त टिकला, कारण तो सांगायला सोपा. "ते फूल घरात आणू नको, भांडणं होतील," असं आजीने म्हटलं की पोर हात लावत नाही. विषाची माहिती समजावत बसण्यापेक्षा हे लवकर पटतं. त्यामुळे या समजुतीची टिंगल मी करत नाही. तिने पुष्कळ मुलं वाचवली असतील.

फूल आलेलं नसताना ती ओळखायची कशी?

पानाचं टोक बघा. इथली बाकी सगळी माहिती विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

कळलावीचं पान भाल्याच्या पात्यासारखं लांबट, देठ नसलेलं, शिरा लांबीच्या दिशेने समांतर. टोकाशी ते निमुळतं होत जातं आणि शेवटी घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गोल वळतं. हाच तिचा ताणा. कारल्याचा किंवा गिलक्याचा ताणा खोडातून वेगळा फुटतो. इथे पानच पुढे जाऊन ताणा होतं. शेजारच्या काटकीला, तुरीच्या झाडाला, कुंपणाच्या तारेला ते टोक लागलं की गुंडाळी करतं आणि वेल वर चढतो. आधार चांगला मिळाला तर दोन-तीन मीटर सहज जातो, कधी त्याहून जास्त.

एक अडचण मात्र आहे. मृगाच्या पावसानंतर जमिनीतून नुकत्याच निघालेल्या कोंबाच्या खालच्या पानांना हा ताणा नसतो. ताणा वरच्या पानांना येतो. त्यामुळे जूनमधलं वीतभर रोप पाहून कुणी छातीठोक सांगू लागला तर त्याच्यावर विसंबू नका.

एकाच वेलावर पिवळी, केशरी आणि लाल फुलं दिसतात. कलम आहे का?

नाही, वयाचा फरक आहे. कळी हिरवट असते आणि मान खाली घालून लोंबते. उमलताना तिची सहा परिदलं (या फुलात निदलं आणि पाकळ्या वेगळ्या काढता येत नाहीत) उलटी वळून आभाळाकडे उभी राहतात. त्यांच्या कडा लाटेसारख्या दुमडलेल्या. सुरुवातीला बुडाशी हिरवट-पिवळा आणि वर लाल असा रंग, मग पिवळा मागे हटत जातो आणि काही दिवसांनी सगळं फूल गडद लाल होतं. एका वेलावर खालचं फूल जुनं आणि वरचं नवं, म्हणून तिन्ही रंग एकाच वेळी दिसतात.

फूल हातभर अंतरावरून नीट बघण्यासारखं आहे. सहा लांब पुंकेसर छत्रीच्या काड्यांसारखे बाजूला पसरलेले असतात. अंडाशय मधोमध, पण त्यातून निघणारा कुक्षिवृंत (पराग झेलणाऱ्या कुक्षीचा दांडा) सरळ खाली न जाता काटकोनात वळून एका बाजूला निघून जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी धक्का लागून मोडलाय. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, सगळे तसेच. स्वतःच्याच परागकणांपासून कुक्षी दूर राहावी यासाठी ही रचना सोयीची. मोठं फुलपाखरू मध प्यायला आलं की पंखांची फडफड पुंकेसरांना लागते, पराग पंखांना चिकटतात आणि पुढच्या फुलाच्या कुक्षीवर पोचतात.

नंतर लांबट हिरवी शेंगेसारखी बोंडं धरतात. वाळली की ती तीन फाकांत उघडतात आणि आत केशरी-लाल गोल बिया दिसतात. दिसायला गोड गोळ्यांसारख्या, आणि विष त्यांत कंदापेक्षाही जास्त. मोगली एरंडाच्या बिया खाऊन शाळेतल्या मुलांना दवाखान्यात न्यावं लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. या बियांकडेही त्याच नजरेने बघा.

दिवाळीनंतर वेल गायब होतो, पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी येतो. म्हणजे बी पडून उगवतो का?

बहुतेक वेळा नाही. ही बहुवर्षायू वनस्पती आहे, फक्त तिचं बारमाही अंग जमिनीखाली असतं. वरचा वेल एका पावसाळ्याचा सोबती. पाऊस संपला, बी पिकलं की तो पिवळा पडून वाळतो. खाली कंद झोपून राहतो, वैशाखातल्या आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हातही.

आणि तो जुना कंदसुद्धा तोच राहत नाही. पावसाळ्यात कोंब वाढवताना गेल्या वर्षीचा कंद रिकामा होऊन सुरकुततो आणि खोडाच्या बुडाशी नवा कंद तयार होतो. तो बहुधा दोन फाट्यांचा असतो, इंग्रजी व्ही अक्षरासारखा किंवा नांगरासारखा. संस्कृतातलं "लांगली" हे नाव या नांगरावरूनच आलेलं. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा. तो मोडला तर त्या फाट्यातून पुढच्या वर्षी काही येत नाही. बटाट्याचे हवे तितके तुकडे करून लावता येतात, तसं इथे जमत नाही.

बियांपासूनही ती येते, पण कवच कठीण, रुजायला वेळ लागतो आणि फुलावर यायला तीन-चार वर्षं जातात.

मग धोका नेमका कुठे? फुलात की कंदात?

सगळ्याच भागांत विष आहे. कंदात आणि बियांत सर्वात जास्त. पण माझ्या मते खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे. वेल कुपाटीवर उभा असताना ओळख लपवत नाही. फूल सांगतं, पानाचं टोक सांगतं. कंद उपटून, पाला झटकून, धुऊन टोपलीत टाकला की ती ओळख संपली. मग तो फक्त एक पांढरट-तपकिरी, बोटाएवढा जाड, रताळ्याच्या भावकीतला वाटणारा कंद उरतो. श्रीलंकेत लोकांनी तो रताळं किंवा रानकंद समजून उकडून खाल्ल्याच्या आणि दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

सातपुड्यात रानकंद खाण्याची जुनी, शहाणी परंपरा आहे. भिल्ल आणि पावरा घरांतल्या जाणत्या बायका कुठला कंद कधी काढायचा, कितीदा उकळून पाणी फेकायचं हे मला शिकवतील, मी त्यांना नाही. गफलत होते ती अर्धवट शिकलेल्यांची : सुट्टीत गावी आलेला मुलगा, मोबाइलवर व्हिडिओ बघून मुसळी शोधणारा हौशी. सफेद मुसळीची मुळं एका बुडातून फुटलेल्या बोटांच्या झुपक्यासारखी असतात. कळलावीला झुपका नसतो, फाटा असतो. रानकंदांच्या वेलांची पानं बहुधा हृदयाच्या आकाराची किंवा तीन-पाच पानांची असतात. ज्याचा वेल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही, तो कंद चुलीवर चढवू नये.

उकळून, भाजून, मिठाच्या पाण्यात ठेवून विष जात नाही का?

नाही. कडूकंद या रानकंदाचा, उकळून पाणी फेकण्याचा नियम इथे लागू होत नाही. श्रीलंकेतल्या त्या घटनांत कंद शिजवलेलेच होते.

विष कोणतं आहे आणि ते शरीरात काय करतं?

मुख्य विष कोल्चिसिन. पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी ते १८२० साली कोल्चिकम या युरोपातल्या कंदवर्गीय फुलझाडातून वेगळं केलं. कळलावी त्या झाडाची भाऊबंद, म्हणून तिच्यातही तेच निघतं.

पेशी दुभंगते तेव्हा आत बारीक धाग्यांची एक दोरखंडासारखी रचना तयार होते आणि ती गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढते. कोल्चिसिन हे धागे ज्या प्रथिनापासून बनतात त्यालाच चिकटतं. दोर वळलाच जात नाही, विभागणी अर्ध्यावर अडकते. त्यामुळे ज्या पेशी सतत विभागतात त्यांना सगळ्यात आधी फटका बसतो : आतड्यांचं अस्तर, हाडांतला रक्त बनवणारा मगज, केसांची मुळं.

हाच गुण शास्त्रज्ञांनी कामालाही लावला. गुणसूत्रं दुप्पट होतात पण पेशी दुभंगत नाही, हे १९३७ च्या सुमारास ध्यानात आल्यावर कोल्चिसिन वापरून दुप्पट गुणसूत्रांची रोपं तयार होऊ लागली. बिनबियांच्या टरबुजामागे हीच युक्ती आहे. तापीच्या पात्रातल्या वाडीवर टरबूज फोडताना हे आठवलं की मला उगाच मजा वाटते. (टरबूज खुशाल खा. त्यात कोल्चिसिन नसतं. ते फक्त आईबापांपैकी एका वाणाच्या रोपावर पूर्वी कधीतरी वापरलेलं असतं.)

चुकून खाल्लं गेलं तर काय दिसतं आणि काय करायचं?

आधी काय करायचं ते. वाट न बघता मोठ्या सरकारी दवाखान्यात. १०८ ला फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, ताक-तूप-लिंबू यांत वेळ घालवू नका, मांत्रिकाकडे तर मुळीच नाही. उरलेला कंद, बी किंवा वेलाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या आणि डॉक्टरांना "कळलावी, कोल्चिसिन" हे दोन शब्द सांगा. नुसतं "रानातलं काहीतरी खाल्लं" म्हटलं तर उपचार साध्या जुलाबांचे होऊ शकतात. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, डॉक्टर तिथून सल्ला घेऊ शकतात.

लक्षणं लगेच येत नाहीत, ही यातली फसवी बाजू. साधारण दोन ते बारा तासांत घशात जळजळ, मळमळ, जोरदार उलट्या, पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब. त्यानंतर कधीकधी रुग्णाला थोडं बरं वाटतं आणि घरचे म्हणतात, "चला, निघालं बाहेर." तिथेच घात होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तदाब कोसळणं, मूत्रपिंड आणि यकृत बंद पडणं, रक्तातल्या पेशी घटून जंतुसंसर्ग होणं, हे सगळं सुरू होऊ शकतं. जे वाचतात त्यांचे एक-दोन आठवड्यांनी केस गळतात. ते पुन्हा येतात.

या विषावर सर्पदंशासारखं ठरलेलं प्रतिविष नाही. डायलिसिसनेही ते रक्तातून फारसं निघत नाही. सलाइन, देखरेख आणि एकेका अवयवाला सांभाळत नेणं हाच उपचार. म्हणून पहिल्या काही तासांची किंमत मोठी.

वडिलांना गाऊटसाठी (सांधेदुखीच्या एका आजारासाठी) डॉक्टरांनी कोल्चिसिनच दिलं आहे. मग कंद उगाळून घेतला तर बिघडलं काय?

गोळीत साधारण अर्धा मिलिग्रॅम औषध असतं, मोजून घातलेलं. कंदात किती आहे हे त्याच्याकडे बघून कुणालाही सांगता येत नाही. जागा, हंगाम, कंदाचं वय यांनी ते बदलतं. शिवाय या औषधात उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांच्यातलं अंतर फार थोडं आहे. डॉक्टर मूत्रपिंडाची तपासणी करून, दुसऱ्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारून मगच ते देतात, ते उगाच नाही.

पण आयुर्वेदात लांगली औषध म्हणून आहेच ना?

आहे, आणि उपविषांच्या यादीत आहे. म्हणजे जुन्या वैद्यांनीही तिला विष म्हणूनच नोंदवलं. शुद्धी, मात्रा, कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे शिकलेल्या वैद्याचं काम. बाळंतपणासाठी कंदाचा लेप लावायचा की नाही, हा प्रश्न मला अजूनही कुणीतरी ताई दबक्या आवाजात विचारते. उत्तर स्पष्ट आहे : नाही. पोटात तर कधीच नाही. कळा थांबल्या असतील तर गाडी बोलवायची, कुदळ शोधायची नाही.

बचनाग म्हणजे हीच का?

काही गावांत हिला बचनाग म्हणतात, पण आयुर्वेदातला वत्सनाभ म्हणजे हिमालयातलं निळ्या-जांभळ्या फुलांचं झाड. त्याचं विष ॲकोनिटिन, आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर हल्ला करतं. दवाखान्यात "बचनाग खाल्लं" असं सांगितलं तर डॉक्टरांची दिशाच चुकू शकते. म्हणून वेलाचा तुकडा सोबत न्यायला सांगितलं.

फुलाला हात लावला तर?

काही होत नाही. रस लागून एखाद्याच्या त्वचेला खाज येऊ शकते, हात धुवा. कंद हाताळला असेल तर भाकरीला हात लावण्याआधी साबणाने धुवा.

शेळ्या-गुरांना धोका आहे का?

आहे. निंदणीत निघालेले कंद बांधावर तसेच टाकून देऊ नका आणि कुपाटी साफ करून आणलेला पाला न बघता दावणीत टाकू नका. उभ्या वेलाला तोंड न लावणारं जनावर कापलेल्या चाऱ्यात निवड करत बसत नाही.

बांधावरचा वेल काढून टाकू का?

अंगणात, शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या कुंपणाला असेल तर कंदासकट काढा आणि मुलं-जनावरं पोचणार नाहीत अशा ठिकाणी खोल पुरा. वावराच्या लांबच्या बांधावर असेल तर माझं मत : राहू द्या. ती पिकाला फारसा त्रास देत नाही. औषधी व्यापारासाठी कंद उकरून नेल्यामुळे अनेक ठिकाणी ती कमी झाली आहे. आणि अर्धवट उपटल्याने कंद तुटून इकडेतिकडे पडतो, त्यापेक्षा तो जमिनीत बरा. यावल अभयारण्य, पाटणादेवी असलेलं गौताळा अभयारण्य अशा जागी तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय झाड उपटणं गुन्हाच आहे.

तमिळनाडूत तिची शेती होते म्हणे. कापसाऐवजी लावली तर?

होते, खरं आहे. तिरुप्पूर, करूर, दिंडिगुल भागात तारांच्या मांडवावर ती वाढवतात आणि औषध कंपन्यांसाठी बी काढतात. तिथे परागीभवन बऱ्याचदा माणसं हाताने करतात, सकाळी फुलाफुलाला जाऊन. कंदाचं बेणं महाग, भाव व्यापाऱ्यांच्या हातात, बाजार समितीत बोली नाही. केळीच्या भावात एकदा पोळलेल्या माणसाने पत्रिका जुळवल्याशिवाय या स्थळाला होकार देऊ नये. खरेदीदार लेखी बांधून घेतल्याशिवाय मी तरी कुणाला सुचवणार नाही.

कुंडीत लावता येते?

येते आणि सुंदर दिसते. घरात रांगणारं मूल किंवा कुंड्या उकरणारा कुत्रा असेल तर नको. गॅलरीतल्या कुंडीत आल्याशेजारी तर कधीच नको. मी असं पाहिलं आहे.

देवीला वाहिलेली चालते का?

कोकणात तिला "गौरीचे हात" म्हणतात आणि गौरीच्या पूजेत तिला मान आहे. तेव्हा देवीची हरकत दिसत नाही. फक्त निर्माल्य गोठ्याकडे टाकू नका.

बघायला कधी, कुठे जाऊ?

श्रावणातल्या कानबाईच्या रोटांच्या सुमारास फुलं सुरू होतात, पोळ्याच्या आसपास भर येतो, घटस्थापनेपर्यंत उशिराची फुलं मिळतात. पाटणादेवीची पायवाट, पालच्या पुढचा सातपुडा, तोरणमाळचा घाट, धडगावकडे जाताना रस्त्याच्या कडेची झुडपं. सकाळी लवकर निघा.

आणि मला फोटो पाठवणार असाल तर फुलाचा नको, तो पाठ झालाय. वेलाच्या वरच्या भागातल्या एका पानाच्या टोकाचा काढा.